काकांच्या दाढा आणि ‘आमची’ गोळी

दाढ काढून आलेल्या माणसाला मी दुखण्यावरची गोळी म्हणून ॲसिडिटीची गोळी दिली. तेवढ्यावर गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मी ती गंमत चारचौघांत सांगितली.

मी वसईजवळ वालीवला पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात नोकरीला आहे. खोकी धड झाली की नाहीत हे बघायचं काम माझ्याकडे आहे. त्याला क्वालिटी कंट्रोल म्हणतात. हे आधीच सांगितलेलं बरं. नंतर कळलं तर माणसं जास्त हसतात.

तो माणूस म्हणजे माझे घरमालक. सगळी बिल्डिंग त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही. माणिकपूरला रिक्षास्टँडच्या मागच्या गल्लीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. काकू गेल्यावर त्यांनी मागची खोली भाड्यानं द्यायला काढली. मी बघायला गेलो तेव्हा काका दारात ताठ उभे राहिले, नसलेली बॅग धरावी तसा डावा हात मांडीशी लावला आणि म्हणाले, “सर, फक्त एक मिनिट.”

मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सर म्हणत होतं. मी तिथेच अर्धा विरघळलो.

“ही खोली. दोन्ही बाजूंनी वारा. सकाळचं कोवळं ऊन. स्टेशन चालत. चर्चची घंटा ऐकू येते, त्यामुळे गजर लावावा लागत नाही. आपला सपोर्ट असू द्या, सर.” मग पापण्या खाली घालून, देवापुढे पुटपुटावं तसं एका दमात, “पाणी एक दिवसाआड, लिफ्ट बंद असते, गच्ची गळते.”

मी हो म्हणालो. शेवटचं वाक्य मला पावसाळ्यात ऐकू आलं.

काका जन्मभर एमआर होते. म्हणजे औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दाराशी बसायचं, पेशंट संपले की आत जायचं आणि आपल्या गोळीचे गुण सांगून यायचं. “फायदे आधी, मोठ्यानं. तोटे शेवटी, हळू,” हा त्यांचा मंत्र. कामणपासून माणिकपूरपर्यंतचा सगळा पट्टा त्यांच्या पायाखालचा. गोळी एकच, ताप-अंगदुखीची साधी पांढरी. तिचं नाव ते कधी घेत नसत, जुन्या बायका नवऱ्याचं घेत नाहीत तसं. ‘आमची’ म्हणायचे. जगातल्या बाकी सगळ्या गोळ्या ‘त्यांच्या’. भिंतीवरचं घड्याळ आमचीचं, पेनं आमचीची, चहाचे कप आमचीचे. पाठीच्या मणक्याचं एक प्लॅस्टिकचं मॉडेल होतं, त्याच्या चौथ्या मणक्याला ते घराची किल्ली अडकवायचे.

रिटायर झाल्यावर कंपनी सुटली, पण दवाखान्यात बसायची रीत सुटली नाही. एकदा त्यांचा गाल नारळासारखा सुजला होता आणि मी त्यांना दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. नंबर लागला, नाव पुकारलं, तर काका जागचे हलेनात. शेजारच्या बाईंना म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे. पेशंट आधी.” मग त्यांच्या मागच्याला, मग त्याच्या मागच्याला. दवाखाना रिकामा झाला, कंपाउंडर झाडू घेऊन आला, तेव्हा काका उठले, शर्ट नीट केला आणि आत जाऊन खुर्चीशेजारी उभे राहिले.

“बसा ना, काका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“नको, मॅडम. एकच मिनिट घेतो.”

माणिकपूरच्याच होत्या त्या, तरुण, हसऱ्या. त्यांना वाटलं म्हातारा घाबरलाय. मी म्हणालो, “मॅडम, ते पेशंट व्हायला शिकतायत.” यावर मी एकटाच हसलो. माझ्या बऱ्याच विनोदांचं तसंच होतं.

आता काकूंचं सांगतो, कारण दाढांचं सगळं प्रकरण तिथून सुरू होतं.

काकू हाडांच्या दुखण्यानं गेल्या. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण काकांनी इतक्यांदा सांगितलंय की मला त्यांची खोकल्याची ढबही माहीत आहे. दुखणं वाढल्यावर मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी दुसरी, जोरकस गोळी लिहून दिली होती. काकूंनी ती आणू दिली नाही. म्हणाल्या, “कशाला? ह्यांच्या गोळीनं राहतं मला.” मग काका सकाळ-संध्याकाळ आमची द्यायचे, उशाशी उभे राहायचे आणि विचारायचे, “बरं वाटलं ना?” काकू म्हणायच्या, “हो, वाटलं.”

आणि काका बॅग उचलून पट्ट्यात जायचे, डॉक्टरांना सांगायचे, “सर, माझ्या मिसेसला हीच देतो. बोन पेन आहे. चांगला आराम आहे.” त्या वर्षी त्यांचा पट्टा कंपनीत पहिला आला. भिंतीवरचं ते घड्याळ त्याच वेळचं.

ही गोष्ट ते अभिमानानं सांगायचे. पहिली दाढ काढेपर्यंत.

पहिल्या दाढेला काकांनी अर्थातच आमची घेतली. डॉक्टरीणबाईंनी दुसरी लिहून दिली होती. ती चिठ्ठी त्यांनी घडी करून खिशात ठेवली. इंजेक्शनचा बधिरपणा गेला आणि ठणका सुरू झाला. काका खुर्चीत बसले, तोंडात कापूस, नजर घड्याळावर. आमची काही काम करेना. दुपार झाली, संध्याकाळ झाली, चर्चची घंटा वाजली. मी चहा घेऊन गेलो तर काकांच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं दाढेचं. कापूस काढून ते म्हणाले, “एका दाढेला पुरली नाही रे ही. मग तिला कशी पुरायची?”

मी म्हणालो, “काका, दाढ खोल असेल.” दाढेबद्दल मला जेवढं ज्ञान होतं तेवढं त्या वाक्यात संपलं.

त्या दिवसापासून काकांना एकच गोष्ट हवी होती. काकूंना खरंच आराम पडत होता की नाही, हे. विचारायला काकू नव्हत्या. मग त्यांनी आपलं तोंडच प्रयोगशाळा केलं. खालच्या-वरच्या मिळून बऱ्याच दाढा किडलेल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या दोन-तीन एकदम काढू. काका ऐकेनात. एका दाढेला एक गोळी. आमची आणि त्यांची, समोरासमोर.

“काका,” डॉक्टरीणबाईंनी समजावलं, “तुमची गोळी वाईट नाहीये. तापाला छान आहे. पण दाढ काढल्यावर नुसती तीच घेतली की कमी पडते कधीकधी. आणि मुख्य म्हणजे, दाताचं दुखणं आणि काकूंचं दुखणं एक नाही. त्यावरून यातलं काही कळणार नाही.”

“माहीत आहे, मॅडम,” काका म्हणाले. “पण मला दुखायला दुसरं आहे काय?”

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घातले.

दुखणं मोजायची काकांची रीत त्यांचीच होती. एक ते दहा वगैरे आकडे त्यांना पटेनात. “आकडे कंपनीत खोटे लिहितात,” म्हणायचे. ते आपल्या पट्ट्यावर मोजायचे. दुखणं अगदी टोकाला असलं की ते कामणला. जन्मभर मोटारसायकलवर तो रस्ता काढलेला, खड्डे, गोडाउनांचे ट्रक, धूळ. जरा हललं की वालीव. आणि माणिकपूरला आलं म्हणजे घरी आलं, चप्पल काढली, संपलं. मी कारखान्यातून फोन करायचो, “काका, कुठे आहे?” आणि पलीकडून तोंडात कापूस घातलेला आवाज यायचा, “कामणच्या चढावर बंद पडलंय.” माझ्या मशीनवरचा माणूस कितीतरी दिवस समजत होता की माझ्या घरमालकांचा टेम्पोचा धंदा आहे.

दुसऱ्या दाढेला त्यांनी चिठ्ठीवरची, म्हणजे ‘त्यांची’ गोळी घेतली. मी समोर होतो. आधी कामण, मग वालीव, आणि मी गॅसवर ठेवलेला भात शिजायच्या आत काका म्हणाले, “माणिकपूर.” जिभेनं गालाला आतून चाचपून बघितलं. पुन्हा बघितलं. आणि मग तो माणूस हुंदके देऊन रडायला लागला. दुखत असताना इतका रडला नव्हता.

“इतकं सोपं होतं?” ते म्हणत होते. “तिची चिठ्ठी होती रे घरात. चिठ्ठी घरात होती.”

मी भाताखालचा गॅस बंद केला.

पण माणूस इतक्या सहज हार मानत नाही, एमआर तर नाहीच. चार दिवसांनी काकांनी नवीन मुद्दा काढला. पहिली दाढ वाकडी होती, तिला मुळं जास्त होती, आणि शिवाय आपण आमची घेतोय हे माहीत असल्यानं आपण तिच्याकडून जास्त अपेक्षा केली. “न बघता घ्यायला पाहिजे,” ते म्हणाले. “कुठली आहे ते तुला माहीत, मला नाही. मी डोळे मिटतो, तू जिभेवर ठेव. नाव दुसऱ्या दिवशी सांगायचं. एकदा तरी आमची वालीवपर्यंत येऊ दे. मग मी शांत.”

अशा जबाबदारीच्या कामाला त्यांनी मला नेमलं. क्वालिटी कंट्रोलवाला आहे म्हणून.

दोन्ही पाकिटांतल्या गोळ्या मी कात्रीनं एकेक सुट्या कापल्या. नाव दिसू नये म्हणून कडा छाटल्या. एक आमची त्या दिवशी द्यायची म्हणून शर्टाच्या खिशात ठेवली. आता, आमच्याकडे केमिस्टही दोन गोळ्या मागितल्या की पाकीट कापूनच देतो, आणि नाव उरलेल्या तुकड्यावर त्याच्याकडेच राहतं. वालीवच्या टपरीवरची मिसळ रोज खाणाऱ्या माणसाच्या खिशात अशी एक सुटी ॲसिडिटीची गोळी कायम असते. एक चंदेरी तुकडा दुसऱ्या चंदेरी तुकड्याशेजारी बसला. बाकी सांगायला नको.

काका सकाळीच दाढ काढून आले. मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती, दुपारी ड्यूटीवर जायचं होतं. त्यांनी डोळे मिटले, तोंड उघडलं, मी गोळी ठेवली, पाणी दिलं. मग समोर स्टूल घेऊन बसलो.

“कुठे आहे, काका?”

“कामण.”

थोड्या वेळानं, “आता?”

“कामण.”

ड्यूटीची वेळ होत आली. मी घड्याळाकडे बघत होतो, काकांच्या गालाकडे बघत होतो. आमची यावेळी जिंकावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि मला जे वाटतं ते माझ्या तोंडावर दुकानाच्या पाटीसारखं लिहिलेलं असतं. मी तिसऱ्यांदा विचारलं. काकांनी डोळे उघडले, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, “आलं. वालीवला आलं. जा तू ड्यूटीला.”

मी जिने उड्या मारत उतरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिसळीनंतर छातीत जळजळलं म्हणून खिशातला तुकडा काढला, गोळी सोलली आणि तोंडात टाकणार तेवढ्यात तिच्यावर कोरलेली अक्षरं दिसली. ती अक्षरं मी रोज चहाच्या कपावर वाचत होतो. क्षणभर डोक्यात काही शिरेना. मग शिरलं, आणि मी खोक्यांच्या थप्पीला टेकून इतका हसलो की सुपरवायझर बघायला आला.

संध्याकाळी बिल्डिंगखाली नेहमीची मंडळी बसली होती. तळमजल्यावरचे दोघे, पोळीभाजी केंद्रवाल्या वहिनी, आणि मधल्या खुर्चीवर मफलर गुंडाळून काका. मी आल्या आल्या सुरुवात केली. रंगवून सांगितलं. डोळे मिटलेले काका, उघडलेलं तोंड, नैवेद्यासारखी ठेवलेली गोळी. आणि शेवटी म्हणालो, “काका, ज्या गोळीनं तुम्ही कामणहून वालीवला आलात ना, ती ॲसिडिटीची होती!”

मंडळी खो खो हसली. वहिनी म्हणाल्या, “अगंबाई! काका, आता डोकं दुखलं की मला सांगा, मी ओवा देते.” तळमजल्यावरचा एक जण म्हणाला, “कशाला, ह्याच्या हातून खडूचा तुकडा घेतला तरी चालेल.”

काकाही हसले. गाल धरून हसले. “अरे गाढवा,” मला म्हणाले, “काही आलं-बिलं नव्हतं वालीवला. मी कामणहून हललोच नव्हतो. तू समोर स्टुलावर असा बसला होतास, जशी तुझीच दाढ काढलीय. तुझं तोंड बघवेना. म्हटलं, आलं म्हणून टाकावं, म्हणजे हा बिचारा...”

आणि तिथे थांबले.

मंडळी अजून हसतच होती. वहिनींचं ओव्याचं पुन्हा सुरू झालं होतं. काकांचं तोंड तसंच अर्धं उघडं राहिलं होतं. आपल्याच तोंडातून दुसऱ्या कुणाचा तरी आवाज ऐकावा, तसे ते ऐकत होते. मग खुर्चीच्या हाताला धरून उठले आणि जिन्याकडे गेले. काय झालं ते मला कळेपर्यंत काका दुसऱ्या मजल्यावर पोचले होते. मी वर धावलो. ते घड्याळाखाली उभे होते.

“तीही असंच म्हणायची,” ते म्हणाले. “हो, वाटलं. अगदी असंच.”

त्यानंतर काकांनी गोळ्यांची तुलना बंद केली. सगळ्या गोळ्या, आमची आणि त्यांची, पिशवीत घालून डॉक्टरीणबाईंकडे देऊन आले. उरलेल्या दाढा गप्पपणे काढून घेतल्या आणि चिठ्ठीवरची गोळी घेतली. माणिकपूर, वालीव, काही बोलले नाहीत. आणखी एक झालं. काकांनी ‘बरं आहे’ म्हणणं सोडलं. जिन्यात कुणी सहज विचारलं, “काय काका, कसे आहात?” तर ते थांबून सांगायचे, “दुखतंय. गुडघा दुखतोय, आणि झोप नाही.” लोकांना उत्तर नको असतं हे त्यांना कळत होतं. तरी सांगायचे. हळूहळू बिल्डिंगनं विचारणं सोडलं. वहिनी तेवढ्या विचारायच्या, आणि मग पातेलं कडेवर घेऊन सगळं ऐकून घ्यायच्या.

काही वर्षांनी काका गेले ते झोपेत. तोंडात तोवर पुढचे दोनच दात शिल्लक होते. दुखलं असेल का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कळलंही नसेल. मी त्यावर विश्वास ठेवलाय.

पण एक सांगायचं राहिलं. बिल्डिंगखालच्या त्या संध्याकाळनंतरच्या रविवारी काका म्हणाले, “आक्कांकडे जायचंय. तू चल.” आक्का म्हणजे काकूंची थोरली बहीण. वसईच्या पश्चिमेला त्यांची वाडी. केळी, थोडा मोगरा, आणि मंडपावर चढवलेल्या नागवेली. काकू आजारात हवापालटाला तिथे राहिल्या होत्या. काका रोज पट्टा संपवून मोटारसायकलवर तिथे जायचे, गोळी द्यायला.

आक्का ओट्यावर बसून विड्याची पानं जुळवत होत्या. काळ्या, काटक, कपाळावर ओल्या फडक्याची घडी. काका अंगणात ताठ उभे राहिले.

“आक्का, एक मिनिट.”

“एक मिनिट काय, बसा भावोजी. पानी देते.”

काका बसले नाहीत. “तिला माझ्या गोळीनं आराम पडायचा का?”

आक्कांचे हात थांबले नाहीत. मी मध्ये तोंड घातलं. “पडायचाच ना, आक्का? काका उगाच मनाला लावून घेतायत.”

“हा कोन?”

“भाडेकरू,” काका म्हणाले.

आक्कांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला अंगणातून वजा केलं. मग काकांकडे बघत म्हणाल्या, “खरं सांगू? तुम्ही गेलात की उशीचा अभ्रा दातांत धरायची. दोन अभ्रे फाडले तिनं. आनि संध्याकाळी तुमची गाडी वळनावर वाजली की म्हनायची, आक्का, तोंड पुस माझं, पावडर दे.”

“माझ्यासाठी?” काका म्हणाले.

“मग काय तुमच्या कंपनीसाठी?”

वाडीत पंपाचा आवाज चालू होता. पाटातून पाणी केळींना जात होतं.

“मला सांगायचं नाहीत तुम्ही, आक्का?”

“तिनं शपथ घातलेली. आनि तुम्ही कधी विचारलंत, भावोजी? तुम्ही यायचात, वर उभे राहायचात आनि म्हनायचात, बरं वाटलं ना? असं विचारल्यावर मानूस काय सांगनार? दुखतंय का, असं एकदा तरी विचारलंत?”

काका वळले. विहिरीकडे गेले. पंपाच्या नळाखाली दोन्ही हात धरले आणि तोंडावर पाणी मारत राहिले, मारत राहिले, शर्ट भिजला तरी. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

मला राहवेना. मी आक्कांजवळ जाऊन हळूच म्हणालो, “आक्का, जरा गोड करून सांगायचं होतं. म्हातारा माणूस आहे.”

“गोड ती बोलली,” आक्का म्हणाल्या. “त्याचं काय झालं, दिसतंय ना नळाखाली?” त्यांनी जुळवलेली पानं फडक्यात गुंडाळली. “तू त्यांच्याकडे राहतोस ना? मग नुसता राहा. बोलनं तुझ्याच्यानं होत नाय.”